आजी कशानं गेली

आई, तू कशानं गेलीस हे मला या वर्षी पहिल्यांदा चारचौघांत मोठ्यानं सांगावं लागलं. चारचौघं म्हणजे खरं तर एक डॉक्टरीणबाई, माझी लेक आणि तिची सासू. पण तेवढी माणसंसुद्धा मला जास्त झाली. इतकी वर्षं ती गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती आणि मला कुणी विचारलीही नव्हती. तुला पाहिलेली माणसं आता जवळपास उरलेली नाहीत. आत्या होती, तिलाही जाऊन बरीच वर्षं झाली. तुझा विषय काढायचा तर कुणापाशी, म्हणून आज तुझ्यापाशीच काढते आहे. तुझ्याशी बोलायची मला सवय नाही. तू गेलीस तेव्हा मी दुसरीत होते. त्यामुळे मधेच कुठे वाक्यं दुसरीतल्या मुलीसारखी झाली तर चालवून घे.

आधी माझं सांगते. मी जालन्याला असते, मस्तगडला, दोन खोल्या आणि वर गच्ची. बँकेत नोकरी केली, आता निवृत्त झाले. तुझे जावई काही वर्षांपूर्वी गेले. एकच लेक, ती आणि तिचा नवरा संभाजीनगरला नोकरी करतात. मला बीपी आहे. तुझ्या वेळी हा शब्द आपल्या गावापर्यंत, हसनाबादपर्यंत पोचलाच नव्हता, म्हणून सांगते. अंगातलं रक्त नळ्यांमधून जरा जास्तच जोर लावून वाहतं. बाहेरून काही दिसत नाही. माणूस हसतं, जेवतं, भांडतं, आणि आत हे चालूच असतं. त्यासाठी रोज सकाळी एक गोळी. ती कधी चुकवायची नाही, बरं वाटायला लागलं म्हणून बंद करायची नाही, कारण बरं वाटतंय ते गोळीमुळेच. भाजीवर वरून मीठ घ्यायचं नाही. लोणचं, पापड, खाराची मिरची हे सणासुदीला. रोज थोडं चालायचं. हे सगळं मी करते, मला सांगितलेलं ऐकायची खोडच आहे. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, 'ताण घेऊ नका, फार एकटं राहू नका.' मीठ कमी करायला सांगतात तेव्हा कुठल्या डब्यातलं ते कळतं. हे कुठल्या डब्यातलं कमी करू, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी हो म्हणाले आणि घरी येऊन एकटीचा कुकर लावला.

उन्हाळ्याच्या तोंडाला लेकीचा फोन आला, की दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ते अजून तरी सुटलेलं नाही, म्हणून नाव जालन्यातल्याच दवाखान्यात घालायचं ठरलं. तिसरा सरून चौथा लागला तेव्हा ती आली. तिची सासूही आली, भोकरदनकडून, यष्टीनं, मांडीवर कैऱ्यांची पिशवी सांभाळत. विहीणबाई शेतात राबलेल्या आहेत, बोलणं रोखठोक, हात सढळ. माझ्या दोन खोल्यांत त्या आल्या की घर भरल्यासारखं होतं आणि गेल्या की पहिल्यापेक्षा रिकामं होतं. आम्ही तिघी डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. बाई तरुण होत्या, माझ्या लेकीहून थोड्याच मोठ्या. एकेक प्रश्न विचारून कागदावर उतरवत होत्या. घरात कुणाला साखर? कुणाला बीपी? 'आईला आहे,' लेक म्हणाली. आईला बाळंतपणात त्रास? मी म्हणाले, 'शेवटच्या महिन्यात बीपी वाढलं होतं, पोट कापून बाळ काढावं लागलं.' त्यांनी मान वर केली. 'आणि तुमच्या आईला? त्यांची बाळंतपणं कशी झाली?' माझ्या आधी लेकच बोलली. 'आजी फार लवकर गेली, मॅडम. तापानं.' शाळेचं नाव सांगावं इतक्या सहज सांगितलं तिनं. तिला तेच माहीत होतं, कारण मी तेच सांगितलं होतं, आणि मला आत्यानं तेच सांगितलं होतं.

तुला तर ठाऊकच असणार, दिवस असलेल्या बाईपुढे बाळंतपणात गेलेल्या बाईचं नाव काढत नाहीत. आजारपण काढत नाहीत, आठवण काढत नाहीत, ती ज्या खाटेवर निजायची ती खाटसुद्धा दुसऱ्या खोलीत हलवतात. तू असतीस तर तूही काढलं नसतंस. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पोटुशीच्या कानावर वाईट पडू नये, एवढीच भीती. पण बघ कशी अडचण झाली. ज्या बाईला ते कळायला हवं, नेमकं तिच्यापुढेच ते बोलायचं नाही. आणि दिवस नसताना कुणाला त्याची आठवण होते? मी लेकीला आधीच सांगून ठेवायचं, तर ती लहान असताना कशाला, लग्न ठरताना कशाला, आणि आता तर मुळीच नको, असं करत करत आम्ही त्या टेबलापर्यंत आलो होतो. डॉक्टरीणबाई 'ताप' असं लिहीत होत्या. आणि माझ्या डोळ्यांपुढे आपली ओसरी आली.

ओसरीवर कासारीण बसली आहे. तुझी ओटी भरायची आहे, म्हणून हिरव्या बांगड्या भरायला तिला बोलावलं आहे. तू हात पुढे करतेस. तुझ्या नेहमीच्या मापाची बांगडी बोटांच्या सांध्यापाशी अडते. ती साबण लावते, तुझी बोटं एकमेकांत दाबते, तू ओठ आवळतेस. शेवटी ती हसते आणि पेटीतून मोठं माप काढते. 'अंगावर घेतलं बाई हिनं,' शेजारची कुणीतरी म्हणते. आत्या तुझ्या पायांकडे बोट दाखवते. 'पाय बघा की, जोडवी रुतून राह्यली. पोराचं लक्षण हाये हे, बराबर.' तू लाजतेस. बांगड्या भरलेले दोन्ही हात माझ्यापुढे धरून वाजवून दाखवतेस, आणि मी टाळ्या पिटते. त्या दिवशी घरात सगळ्यांना फार आनंद झाला होता, आई. तुझं दुखणं आम्ही गूळ वाटून साजरं केलं.

मग चुलीपुढचा तो दिवस. भर दुपार आहे, बाहेर ऊन रणरणतंय. तू भाकरी थापते आहेस, कपाळाला फडकं घट्ट बांधलेलं, त्याखाली सुंठेचा लेप वाळून तडकलेला. मधेच थापायची थांबतेस आणि डोळे मिटतेस. मी विचारते, काय झालं? 'काई न्हाई गं. डोळ्यापुढं काजवे चमकून राह्यले नुसते.' मला वाटतं, खरंच घरात काजवे आले आहेत. मी उतरंडीच्या मागे जाते, धान्याच्या कणगीखाली वाकून बघते, अंधाऱ्या कोपऱ्यांतून हात फिरवते. 'मला न्हाई दिसत,' मी ओरडते. तू म्हणतेस, 'तुला नगंच दिसू.' मग पोटाच्या वर, छातीच्या खाली हात दाबून धरतेस. 'पित्त झालं वाटतं,' असं आत्याला सांगतेस आणि राहिलेल्या भाकरी करतेस. सगळ्यांच्या पुरत्या करतेस. तुला भाकरी करताना मी पाहिलं ते तेवढंच, शेवटचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला शेजारी नेऊन बसवलं. आपल्या घरात बायांची गर्दी झाली होती आणि कुणी कांदा फोडून आणा म्हणत होतं, कुणी चप्पल हुंगवा म्हणत होतं. दाराच्या फटीतून मला तुझे पाय दिसले, ताठ झालेले आणि हलणारे. मग गावातली एकुलती जीप आली. ती तुला घेऊन भोकरदनकडे गेली, तिथून जालन्याला न्यायचं म्हणत होते. वाटेतच गाडी मागे फिरली. मी शेजारच्या घरात खिचडी खात होते आणि जीपचा आवाज ऐकून मला वाटलं, तू आलीस. मी ताट तसंच टाकून पळाले. आलीच होतीस म्हणा.

आत्यानं मला मांडीवर घेऊन सांगितलं, 'तुज्या मायला ताप आल्ता. तापानं गेली. कुणी बी विचारलं तर हेच सांगायचं, बिलकुल दुसरं काई न्हाई.' ती का म्हणाली ते मला फार उशिरा कळलं. पोटात लेकरू घेऊन गेलेल्या बाईला गाव घाबरतं. तिच्या नावानं भलतंसलतं बोलतं, विहिरीपाशी दिसली म्हणतं. आणि तिची लेक मोठी झाली की तिला करून घेताना लोक दहादा विचार करतात. आत्यानं तापाचं पांघरूण घातलं ते तुझ्यावर आणि माझ्यावर, दोघींवर. तिनं मला वाढवलं, शिकवलं, वडिलांशी भांडून जालन्याला कॉलेजात घातलं. पण तुझ्याबद्दल घरात कुणी बोलेना. वर्षातून एकदा, अविधवा नवमीला, तेवढी तू यायचीस. आत्या तुझ्या आवडीची पुरणपोळी आणि आमटी करायची, गल्लीतली एखादी सवाशीण तुझ्या नावानं पाटावर बसायची, आणि मी दाराला टेकून एक परकी बाई तुझं जेवते आहे ते बघायची. बाई चांगल्या असत, मला घास भरवू पाहत. मी तोंड मिटून घ्यायची. माझा राग होता तो, कुणावर ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

माझ्या वेळी शेवटचा महिना लागला आणि माझा चेहरा भरला. तुझे जावई कौतुकानं म्हणाले, छान दिसतेस. आत्या बाळंतपणासाठी येऊन राहिली होती. तिनं काही न बोलता माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा तसाच राहिला. आत्या खाली बसली. 'तुज्या मायचं असंच झाल्तं,' ती म्हणाली. 'जल्दी चल. चपला घाल.' रिक्षात, माझा हात घट्ट धरून, तिनं तुझं सगळं सांगितलं, कासारणीपासून जीपपर्यंत. पोटुशीपुढे बोलू नये ते सगळं बोलली, आणि बोलून झाल्यावर स्वतःच्याच गालात मारून घेतलं. तिनं त्या दिवशी घाई केली म्हणून मी आहे आणि माझी लेक आहे. पण बाळंतपण झालं, पेढे वाटले, आणि आम्ही दोघी पुन्हा गप्प झालो. लेकीनं शाळेत असताना विचारलं, आजी कशानं गेली, तर माझ्या तोंडून 'तापानं' असं आपोआप बाहेर पडलं. तयारच होता तो शब्द, घरातल्या पाटासारखा.

तर त्या दवाखान्यात मी म्हणाले, 'मॅडम, ताप नव्हता. माझी आई आठव्या महिन्यात झटके येऊन गेली.' विहीणबाईंनी माझं कोपर धरलं. 'अवो इहीनबाई, असल्या टायमाला असलं काढू न्हाई. पोरगी ऐकून राह्यली ना.' लेक माझ्याकडे बघत होती. ती घाबरली नव्हती. परक्या घरात शिरल्यासारखी बघत होती. मी कोपर सोडवून घेतलं आणि सगळं सांगितलं. बांगड्या सांगितल्या, काजवे सांगितले, पोटाच्या वर दाबून धरलेला हात सांगितला.

डॉक्टरीणबाईंनी 'ताप' खोडला. खुर्ची माझ्याकडे वळवून विचारलं, आधीची बाळंतपणं किती, वय काय असेल, झटक्यांच्या आधी किती दिवस डोकं दुखत होतं. तुझ्याबद्दल इतके प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारले नव्हते. मग त्या लेकीला म्हणाल्या, 'बरं झालं आजच कळलं. घाबरायचं नाही, पण सांभाळायचं.' आईला आणि आजीला असं झालं असलं की मुलीलाही व्हायचा धोका जास्त असतो, म्हणून आतापासूनच एक छोटी गोळी रोज झोपताना, ती स्वतःच्या मनानं थांबवायची नाही. कॅल्शियम नेमानं. बीपी घरीही मोजायचं आणि दर तपासणीला लघवीही तपासायची. मीठ अजिबात तोडायचं नाही, पण लोणचं-पापडावर ताव मारायचा नाही. शेवटी शेवटी डाव्या कुशीवर निजायचं, रोज थोडं चालायचं. पायावर थोडी सूज पुष्कळ जणींना येते. 'पण चेहरा, हात एकदम सुजले, डोकं दुखून थांबेना, डोळ्यापुढं चमकलं, पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर पित्त म्हणून, उन्हानं म्हणून घरी बसायचं नाही. चहा घेऊन पडायचं नाही. उठायचं आणि इथं यायचं, कुठलीही वेळ असो.' त्या हे सगळ्याच बायकांना सांगत असणार, रोज. भिंतीवर तसं चित्रसुद्धा लावलं होतं. पण मला वाटत राहिलं, की या पोरीनं तुला बघितलं आहे. आपल्या चुलीपाशी उभं राहून बघितलं आहे.

आणि तिथेच मला एक गोष्ट कळली. आई, मला तुझा एकच चेहरा आठवतो. गोल, भरलेला, डोळे थोडे मिटल्यासारखे, गाल तुकतुकीत. फोटो तुझा एकही नाही. जन्मभर मी समजत होते, की माझी आई अंगानं गुटगुटीत होती. स्वतः जाड व्हायला लागले तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं होतं, म्हटलं, आईवर गेले. तो तुझा चेहरा नव्हताच. ती सूज होती. तू खरी कशी दिसायचीस ते मला माहीत नाही, आणि आता ज्याला विचारावं असं कुणी राहिलेलं नाही. हे मी त्या खोलीत कुणाला बोलले नाही. गोळ्यांचा कागद हातात घेतला आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर विहीणबाई माझ्याशी बोलेनात. लेक औषधं आणायला गेली होती. मी चहा विचारला, तर नको. मला वाटलं, आता हे भोकरदनला जाईल, घराघरात होईल, सून असल्या घरची म्हणून. मनात आलं, आत्या इतकी वर्षं काय सांभाळत होती ते आता कळतंय. बऱ्याच वेळानं त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, 'माझी थोरली बहीण बी तशीच गेल्ती. पयल्याच टायमाला. झटके आले, मंग देवाचं केलं, मंग गाडी मिळंना.' मी त्यांच्याकडे बघितलं. 'आम्ही बी तापच सांगतो,' त्या म्हणाल्या. आपल्या भागात त्या काळी तापानं गेलेल्या बायकांपैकी खरा ताप किती जणींना होता, कोण जाणे. मग त्यांनी स्वतःच जाऊन चहा आणला, आणि कागदी पेला माझ्या हातात देत म्हणाल्या, 'तुमाला बीपी हाये ना, साखर कमी टाकाया लावली.' बीपीचा आणि साखरेचा तिथं काही संबंध नव्हता. तो चहा मी शेवटपर्यंत प्याले.

त्यानंतरचे महिने मी फोनवर काढले. सकाळी विचारायची, बीपी किती? दुपारी विचारायची, डोकं कसं आहे? लेक म्हणायची, 'आई, तू आता नुसतं आरोग्य केंद्र झालीस. कधीतरी हवापाण्याचंही बोल.' विहीणबाईही तिकडून फोन करायच्या, तिला आणि मलाही. 'आज तुमी गोळी घेतली का?' मला हे कुणी विचारून वर्षं लोटली होती. घेतलेली असली तरी मी उत्तर द्यायला थोडा वेळ लावायची, म्हणजे फोन जरा लांबायचा. आठवा लागायच्या आधी लेक माझ्याकडे राहायला आली. मी पलंग खिडकीशी सरकवला, उशा आणल्या, दंडाला पट्टा बांधायचं यंत्र हाताशी ठेवलं. संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर फेऱ्या मारायचो. ती तुझ्याबद्दल विचारायची. जे मला माहीत होतं ते एका फेरीत संपायचं, मग मी तेच पुन्हा सांगायची आणि ती पुन्हा ऐकायची.

एका दुपारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, डोकं जड झालंय. 'थोडी पडते, सकाळी उन्हात गेले होते ना.' मी पट्टा बांधला. आकडे वर चढत गेले आणि थांबले तिथं नको होते थांबायला. पाच मिनिटांनी पुन्हा बांधला, तेच. ती म्हणाली, 'आई, चहा घेऊन बघते ना, उतरेल.' मी तिच्या चपला तिच्यापुढे ठेवल्या. कुलूप लागेना, शेवटी दार नुसतं ओढून घेतलं आणि निघालो. दवाखान्यात त्यांनी फार विचारलं नाही, ओळखून होते. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, बीपी उतरवायचं दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'थांबण्यात अर्थ नाही, बाळ काढू या.' माझे जावई संभाजीनगरहून निघाले, विहीणबाई भोकरदनहून निघाल्या. तोवर बाहेर बाकावर मी एकटीच होते. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी तुला सांगत होते, की हिला नेऊ नकोस. तू कुणाला नेणारी नाहीस हे मला पक्कं माहीत आहे, पण लोकांनी तुझ्याबद्दल इतकी वर्षं जे म्हटलं, ते कुठेतरी माझ्याही मनात बसलं होतं. त्याचं मला वाईट वाटतं.

मुलगी झाली. मूठभर. काचेच्या पेटीत ठेवली होती, आता चांगलं धरलं आहे बाळसं. लेकीचं बीपी उतरायला वेळ लागला, घरी गेल्यावरही गोळ्या चालल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, की दरवर्षी मोजत राहायचं, पुढच्या खेपेला पहिल्याच दिवशी सांगायचं, आणि ही छोटी मोठी झाली की तिलाही सांगून ठेवायचं. लेक म्हणाली, 'मी सगळंच सांगीन.' मला वाटतं ती सांगेल. आमच्यासारखी गप्प राहणारी नाही ती. सव्वा महिना झाला आणि ती बाळाला घेऊन संभाजीनगरला गेली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी होते. मग आत येऊन बाळाची दुपटी गोळा केली, धुतली, वाळत घातली. आता कुणाला लागणार नव्हती तरी धुतली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. लिहून झालं की दुपट्यांच्या घडीत जाईल किंवा रद्दीत, बघू. वाचणारं कुणी नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते, जी मी लेकीलाही सांगणार नाही. बाळ झालं त्याच संध्याकाळी मला तिच्या खाटेपाशी जाऊ दिलं. इंजेक्शनानं ती ग्लानीत होती. ओठ सुकलेले, दोन्ही हातांना नळ्या. मी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसत होते. तेव्हा डोळेही न उघडता तिनं हाक मारली, 'आई.' काही हवं होतं असं नाही, नुसती मारली. मी 'ओ' म्हणाले. ती लगेच पुन्हा झोपली, चेहरा इतका निवांत. ती वाचली होती, तिचं बाळ वाचलं होतं, मला रडू यायला हवं होतं ते आनंदानं. पण मी तिथं उभी होते, साठीला आलेली बाई, आजी झालेली, आणि माझ्या मनात आलं, की हिनं हाक मारली आणि हिला ओ मिळाली. मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला, आई.